ग्रानादाला निघालात? आधी तिकीट काढा!

मैत्रिणींनो, स्पेनमधल्या ग्रानादा शहराला जाण्याचा विचार तुमच्या घरात चालला असेल, तर विमान, हॉटेल, बरोबर न्यायचा चिवडा हे सगळं जरा बाजूला ठेवा आणि आधी माझं ऐका. सर्वांत पहिल्यांदा अल्हंब्राच्या तिकिटाकडे बघा. हे मी इतकं ठासून सांगते आहे, कारण आमच्या वहिनी एकदा त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या आहेत, आणि त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. साताऱ्याला मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींसाठी त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचं पान डकवलेलं असायचं. त्यावर अल्हंब्रामधल्या रंगीत फरशांचा फोटो होता. संकल्पचित्र शिकवायची वेळ आली, की वहिनी त्या पानाकडे छडी करायच्या. पान पिवळं पडलं, कोपरे झिजले, पण निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते काढलं नाही.

२०१७ साली आम्ही दोघी जावा एका यात्रा कंपनीबरोबर स्पेन-पोर्तुगालला गेलो. वहिनींनी भिशीचे पैसे त्यासाठी तीन वर्षं राखून ठेवले होते. कार्यक्रमपत्रिकेत 'ग्रानादा, अल्हंब्रा' असं स्पष्ट छापलेलं होतं. प्रत्यक्षात बस टेकडीवर चढली, आम्हाला न्यायाचा दरवाजा दाखवला, सम्राट पाचव्या चार्ल्सचा दगडी प्रासाद दाखवला, आणि मग सांगण्यात आलं, की आतल्या महालांची त्या दिवसाची तिकिटं केव्हाच संपली आहेत. "बाकी सगळं साधारण असंच आहे," असंही वर सांगितलं! वहिनी काही बोलल्या नाहीत. तिथल्या दगडी बाकावर पर्समधली चित्रवही मांडीवर घेऊन, ती न उघडता, बस निघेपर्यंत बसून राहिल्या. बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "पुष्कळ झालं गं. दारापर्यंत तर आले."

म्हणून २०२४च्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कुणाबरोबर नाही, आमच्या आम्ही. वहिनी एकाहत्तर वर्षांच्या, एक गुडघा बदललेला, दुसरा कुरकुरणारा. मी एकसष्ट. स्पॅनिश भाषा दोघींनाही येत नाही. तीन रात्री राहिलो आणि सगळं व्यवस्थित पार पडलं. ते कसं, ते आता सांगते.

तिकिटाची भानगड आधी समजून घ्या. अल्हंब्रा म्हणजे एक इमारत नव्हे. ती टेकडीवर वसलेली तटबंदीची नगरीच आहे. तिच्यात जुना किल्ला आहे, बागा आहेत, पलीकडच्या उतारावर हेनेरालीफे नावाचा सुलतानांचा उन्हाळी बंगला आहे, आणि मधोमध नासरी घराण्याचे महाल आहेत. जगभरचे लोक जे बघायला येतात ते हे महाल. आत जाणाऱ्यांची संख्या ठरलेली असते आणि तुमच्या तिकिटावर महालात शिरण्याची वेळ छापलेली असते. त्या अर्ध्या तासात तुम्ही दारात हजर असलं पाहिजे. उशीर झाला तर हात जोडूनही उपयोग नाही. मात्र एकदा आत गेल्यावर घाई करण्याचं कारण नाही, कारण वेळ बांधलेली आहे ती फक्त शिरण्याची. पुष्कळांना हे ठाऊक नसतं आणि ते अर्ध्या तासात धावत महाल उरकतात!

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. संपूर्ण दर्शनाचं तिकीट वीस युरोंच्या आसपास पडतं. दलाल तेच दुपटीतिपटीने विकतात. तिकिटावर नाव असतं आणि दाराशी पासपोर्ट तपासतात, म्हणून नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहायचं. वहिनींचं पासपोर्टावरचं नाव आणि घरातलं नाव वेगळं. मी सवयीने घरातलंच लिहायला निघाले होते, तेवढ्यात लक्षात आलं. आणखी एक. बागा आणि किल्ल्याचं एक स्वस्त तिकीट असतं, त्यात हे महाल नसतात. घाईत तेच घेऊन बसू नका.

इथे एक पेच पडतो. शेंगेन व्हिसा मिळण्याआधी तिकीट काढावं की नंतर? व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण शिक्का हातात पडायला वेळ लागतो, आणि वसंतातली तिकिटं आठवडेच्या आठवडे आधी संपतात. पैसे परत मिळतील असं धरून चालू नये. माझ्या यजमानांचं मत होतं की थांबावं. मी म्हटलं, व्हिसा नाही मिळाला तर दोघींचे मिळून चारेक हजार रुपये जातील. पण व्हिसा मिळाला आणि तिकीट नाही, तर वहिनी पुन्हा त्याच बाकावर बसतील. आधी तिकीट काढलं. मग त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे मुक्काम, गाडी आणि विमान बसवलं. तुम्हीही हाच क्रम ठेवा असं माझं प्रामाणिक मत आहे.

महिना निवडताना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. ग्रानादा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे आणि पाठीशी सिएरा नेवादाचा बर्फाचा डोंगर. तिथलं मुलहासेन शिखर ३,४७९ मीटरचं, सगळ्या इबेरियन द्वीपकल्पात सर्वांत उंच. त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी साडीवर भागतं, पण संध्याकाळ झाली की स्वेटर आणि पायमोजे काढावेच लागतात. जुलै-ऑगस्टचं ऊन मात्र विदर्भातल्या बायकांनाच सोसेल! पंचवीस डिसेंबर आणि एक जानेवारी या दोन दिवशी अल्हंब्रा बंद असतं.

माद्रिदहून ग्रानादाला २०१९ पासून वेगवान रेल्वे सुरू झाली आहे. साडेतीन तासांच्या आतबाहेर पोचवते. डब्यात जागा छान, खिडकीबाहेर ऑलिव्हच्या झाडांच्या रांगा, डोळे थकेपर्यंत. मलागाच्या विमानतळावर उतरलात तर तिथून बसही मिळते.

मुक्कामाच्या बाबतीत मोहाला बळी पडू नका. अल्बाइसिन नावाच्या जुन्या मुस्लिम वस्तीत, टेकडीच्या उतारावर, 'कार्मेन' म्हणतात तशी घरं आहेत. बाहेरून उंच पांढरी भिंत आणि आत बाग, कारंजं, द्राक्षाचा वेल. त्यातल्या काहींत प्रवाशांची सोय होते. फोटो बघून कुणालाही वाटेल, इथेच राहावं. पण तिथल्या गल्ल्या गोट्यांच्या, चढाच्या आणि पायऱ्यांच्या. चाकांची बॅग त्या गोट्यांवरून ओढून बघा म्हणजे कळेल! गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल, तर खाली सपाटीवर, प्लासा नुएवा किंवा बिब-राम्ब्ला चौकाजवळ खोली घ्या आणि लिफ्ट आहे का हे आधी विचारा. आम्ही बिब-राम्ब्लाजवळ राहिलो. वर जायला लहान लाल बसगाड्या आहेत. सी-३० अल्हंब्राला नेते, सी-३१ अल्बाइसिनमध्ये आणि सी-३२ या दोन टेकड्यांना जोडते. त्या बसगाड्या इतक्या अरुंद गल्लीतून जातात, की दोन्हीकडच्या भिंतींना हात लागेल. दिवसभरात पायी चढ एकदाही चढायचा नाही, उतारच उतरायचा, असा नियम आम्ही केला. खरं तर बदललेल्या गुडघ्याला उतारच जास्त बोचतो, तेव्हा वहिनींच्या हातात काठी होती आणि माझा खांदा.

पहिल्या संध्याकाळी फार काही ठरवू नका. गाडीतून उतरून, न्हाऊन, आम्ही सी-३१ ने सान निकोलासच्या सज्जावर गेलो. अल्बाइसिनमधली ही मोकळी जागा. समोर दरी, दरीपलीकडे टेकडीवर अल्हंब्रा, आणि त्यामागे बर्फ. सूर्य कलला की त्या भिंती लाल होतात. अरबीत 'अल-हम्रा' म्हणजे लालच. गर्दी फार असते, पाकीट सांभाळावं लागतं. शेजारी २००३ साली उघडलेली मशीद आहे, तिच्या बागेतूनही हेच दृश्य दिसतं आणि तिथे शांतता असते. वहिनी कठड्याला टेकून म्हणाल्या, "म्हणजे मागच्या वेळी आपण तिथे उभ्या होतो तर." मी पर्समध्ये तिकिटाचा कागद आहे ना, हे तिसऱ्यांदा चाचपलं.

दुसऱ्या दिवशी आमची वेळ सकाळी साडेनऊची होती. आम्ही आठलाच निघालो. टॅक्सीवाल्याला 'अल्हंब्रा' म्हणालात तर कळतं, पण स्पॅनिशमध्ये 'ह' चा उच्चार होत नाही, ते 'अलांब्रा' म्हणतात. मुख्य प्रवेशद्वारापासून महालापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, ही गोष्ट विसरू नका. तिकीट आधीच काढलेलं असेल तर न्यायाच्या दरवाजाने शिरा, तिथून अंतर कमी पडतं. १३४८ सालचा हा दरवाजा. वहिनींनी त्या ओळखीच्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि काठी टेकत पुढे झाल्या. महालात शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन घ्या, आत सोय नाही. मोठी बॅग नेऊ देत नाहीत, आणि पाठीवरची सॅक पोटाशी धरावी लागते.

आत काय आहे, हे मी कसं सांगू? बाहेरून बघाल तर नुसत्या तपकिरी, साध्या भिंती. सगळी श्रीमंती आत वळवलेली, आपल्या जुन्या वाड्यासारखी. चौक, चौकात पाण्याचा हौद, भोवती दालनं. कोमारेस महालाच्या चौकात लांबलचक हौद आहे, दोन्ही कडांना मेंदीसारख्या दिसणाऱ्या झुडपांचं कुंपण, आणि पाणी इतकं निश्चल की समोरचा मनोरा त्यात उलटा उभा. त्यामागच्या राजदूतांच्या दालनाचं लाकडी छत आठ हजारांहून जास्त तुकड्यांचं आहे, सात आकाशांची कल्पना करून बसवलेलं. इथले कारागीर संगमरवर बेतानेच वापरत. बरंचसं काम चुना-गिलाव्याचं आणि लाकडाचं, म्हणजे स्वस्तातल्या वस्तूंचं. भिंतीभर 'अल्लाहवाचून विजेता नाही' हे घराण्याचं बोधवाक्य शेकडो वेळा कोरलं आहे, आणि ते घराणं तर १४९२ साली हरलं.

तिथेच, कोमारेसमध्ये, वहिनी थांबल्या. भिंतीच्या खालच्या भागावर, आपल्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत, रंगीत फरशांची नक्षी असते. हिरवी, निळी, काळी, पिवळसर. एकेक तुकडा कापून, घासून, शेजारच्याला बेमालूम जोडलेला. त्यातली एक नक्षी म्हणजे तीन टोकांचा, गरगरणारा एक आकार. तिथले लोक त्याला 'पाहारिता' म्हणतात, म्हणजे छोटी चिमणी. कॅलेंडरच्या पानावरची नक्षी हीच.

वहिनी बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग वही काढली. बसायला जागा नव्हती, म्हणून मी पाठ पुढे केली आणि माझ्या पाठीवर वही टेकवून त्यांनी पेन्सिलीने रेषा ओढायला सुरुवात केली. मला काही दिसत नव्हतं, नुसता आवाज ऐकू येत होता, वर्गातला: "आधी समभुज त्रिकोण काढायचा. प्रत्येक बाजूचे दोन समान भाग करायचे. एका अर्ध्या भागातून कंस कापून घ्यायचा आणि तोच कंस दुसऱ्या अर्ध्या भागाला बाहेरून चिकटवायचा. क्षेत्रफळ तेवढंच राहिलं की नाही? म्हणून तर फट पडत नाही." एक तरुण गोरी मुलगी थांबून बघायला लागली, मग आणखी दोघं. डच चित्रकार एशर १९२२ आणि १९३६ साली इथे येऊन याच फरशांच्या नकला उतरवून घेत बसला होता, हे वहिनींनी त्या मुलीला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पहारेकऱ्याने दोनदा आमच्याकडे पाहिलं, पण वाट अडवत नव्हतो म्हणून असेल, काही बोलला नाही. महालात आम्ही एकूण अडीच तास होतो.

सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंह कारंज्याची थाळी पाठीवर घेऊन उभे आहेत, आणि भोवती १२४ सडपातळ खांब. पाचव्या मुहम्मदाने चौदाव्या शतकात बांधलेला हा भाग. चेहरे सिंहांपेक्षा शहाण्या कुत्र्यांसारखे दिसतात, असं मला वाटलं. शेजारच्या 'दोन बहिणीं'च्या दालनात बहिणींची काही गोष्ट नाही बरं का! जमिनीतल्या दोन प्रचंड जुळ्या संगमरवरी फरशांवरून ते नाव पडलं आहे. छत मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. खाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघा.

महालातून बाहेर पडल्यावर लगेच हेनेरालीफेकडे धावू नका. चार्ल्सच्या प्रासादात शिरून, आत गोल चौक आहे, तिथे सावलीत बसा. आम्ही डब्यातले मेथीचे ठेपले तिथून बाहेर पडल्यावर झाडाखाली खाल्ले. मग हेनेरालीफे. तिथे एका जिन्याच्या दोन्ही कठड्यांमधून पाणी वाहतं. कठड्यावर हात ठेवायचा आणि पाण्यात बोटं बुडवत उतरायचं! हे सगळं पाणी दार्रो नदीतून, सुमारे सहा किलोमीटरवरून, पाट काढून टेकडीवर चढवलेलं. कात्रजहून नळ घालून पेशव्यांनी पुण्यात पाणी आणलं, त्याच्याही चारशे-पाचशे वर्षं आधीची ही गोष्ट. घरात पाणी भरणाऱ्या बाईला या पाटाचं मोल कुणी समजावून सांगायला नको.

त्या दुपारी आम्ही खोलीवर येऊन चक्क झोपलो. तुम्हीही झोपा. दोन ते पाच पुष्कळशी लहान दुकानं बंदच असतात. जेवण दुपारी दोननंतर, आणि रात्रीचं नऊच्या आधी कुणी जेवायला बसत नाही. आपल्याला सातला भूक लागते, त्यासाठी पिशवीत काहीतरी ठेवावं.

शाकाहारी मैत्रिणींनी घाबरून जाऊ नये, पण सावध राहावं. ग्रानादात पेय मागवलं की बरोबर छोटी बशी फुकट येते, तिला तापा म्हणतात. फुकट म्हणून खुश होऊ नका. तिच्यात बहुधा डुकराचं मांस असतं, आणि भाजीतही हामोन, म्हणजे त्याचेच तुकडे, पेरलेले असतात. 'वेजेतारियाना' एवढं सांगून भागत नाही. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" असं तिन्ही सांगा, म्हणजे मांस नको, हामोन नको, मासे नकोत. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड आमलेट, 'तोर्तिया', सगळीकडे मिळतं.

पण खरी गंमत 'बेरेन्हेनास कोन मिएल'. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, आणि वरून उसाचा 'मध'. तो चाखला आणि वहिनी म्हणाल्या, "अगं, ही तर काकवी!" खरंच काकवीच ती. अरबांनी ऊस या किनाऱ्यावर नेला, त्याचाच हा अवशेष. आणि वांग्याला म्हणतात 'बेरेन्हेना', तो शब्दही मूळचा आपल्याच वांग्याच्या कुळातला, संस्कृतातून फारसीत, फारसीतून अरबीत आणि तिथून स्पेनला पोचलेला. नारिंगाचं 'नारान्हा' आणि शर्करेचं 'आसुकार' असंच. घरी करून बघा. काप मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे, निथळून, पुसून, कोरड्या मैद्यात घोळवून कडकडीत तेलात तळायचे. काकवी अगदी वाढताना, धारेने. तिखट मात्र घालायचं नाही, मी घालून बघितलं, बिघडतं.

आणि हो, 'ग्रानादा' या शब्दाचा स्पॅनिशमध्ये अर्थ डाळिंब. नळाच्या झाकणापासून रस्त्यातल्या खांबापर्यंत सगळीकडे डाळिंब कोरलेलं. फाहालाउसा नावाची तिथली निळी-हिरवी चिनी मातीची भांडी असतात, त्यांवरही डाळिंबच. वहिनींनी एक लहान वाडगा घेतला आणि ओल्या टॉवेलसकट सगळे कपडे त्याच्याभोवती गुंडाळून आणला.

तिसरा दिवस खालच्या शहरासाठी ठेवा. कॅथेड्रलला लागून राजघराण्याचं प्रार्थनामंदिर आहे. राणी इसाबेला आणि राजा फर्नांदो तिथे पुरलेले आहेत. वर संगमरवरी थाट, आणि खाली पायऱ्या उतरून गेलात तर साध्या शिशाच्या पेट्या. २ जानेवारी १४९२ ला त्यांनी ग्रानादा घेतलं, आणि त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या सांता फे गावी कोलंबसाशी करार केला. तो निघाला होता आपल्याकडे, पोचला भलतीकडेच! राणीचा मुकुट आणि तिने जमवलेली फ्लेमिश चित्रं बघण्यासारखी आहेत. फोटो काढू देत नाहीत. बाहेर पडताना रोझमेरीची काडी हातात देऊन हात बघू म्हणणाऱ्या बायका भेटतील. काडी घेतली की पैसे मागतात. हसून नको म्हणावं आणि चालू लागावं.

बोआब्दिल हा शेवटचा सुलतान शहर सोडताना वळून रडला, तेव्हा त्याच्या आईने त्याला बायकांसारखा रडतोस काय असं सुनावलं, ही दंतकथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. मला ती कथा आवडत नाही. घर सुटल्यावर कुणीही रडेल. मला सांगावीशी वाटते ती मारियाना पिनेदाची गोष्ट. तिच्या नावाचा चौक बिब-राम्ब्लापासून पायी दहा मिनिटांवर आहे, मधे तिचा पुतळा. ही ग्रानादाची मुलगी, १८०४ सालचा जन्म, लवकर वैधव्य आलेली, पदरात मुलं. जुलमी राजवटीविरुद्धच्या उदारमतवाद्यांसाठी झेंडा भरायला घेतला होता, कायदा, स्वातंत्र्य आणि समता असे तीन शब्द त्यावर भरायचे होते. अर्धवट भरलेला झेंडा तिच्या घरात सापडला. साथीदारांची नावं सांग म्हणजे सोडतो, असं तिला सांगण्यात आलं. तिने एकही नाव दिलं नाही. २६ मे १८३१ ला, सव्विसाव्या वर्षी, तिला मृत्युदंड दिला. भरतकामासाठी! पुढे लोर्काने तिच्यावर नाटक लिहिलं. तो कवीही याच मुलखातला, आणि त्यालाही १९३६ साली इथेच गोळ्या घातल्या.

सांगायचं राहिलं, साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांतून जिप्सींचा नाच होतो. या लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेले. त्यांच्या जुन्या बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात. पण नाच रात्री उशिरा, आणि गुहेत दाटीवाटीने बसवतात. वहिनींच्या गुडघ्याला ते जमणारं नव्हतं, म्हणून आम्ही गेलो नाही. तुमचे पाय धड असतील तर जरूर जा.

गाडी दुपारची होती. शेवटचा तास आम्ही मारियानाच्या चौकातच काढला, बाकावर. वहिनींनी वही उघडून ती चिमणी पुन्हा काढली, या वेळी आठवणीतून, आणि ती फरशीवर पसरत जाते तशी पानभर पसरवली. मग माझ्याकडे वही देऊन म्हणाल्या, "बघ, कुठे फट राहिली आहे का?" खालच्या कोपऱ्यात एका ठिकाणी राहिली होती. ती त्यांनी खोडून पुन्हा काढली, तेवढ्यात मी टॅक्सी बोलावली.